पूरबोळ

“म्याडम, ती लाल फुली आधी पुसा. मग काय बोलायचं त्ये बोलू.”

सुशीलावहिनी त्यांच्या न्हाणीघराच्या दारात उभ्या होत्या. पदर खोचलेला, भुवया पिठानं पांढऱ्या. गिरणी चालू ठेवून तशाच मागच्या दारानं धावत आल्या होत्या. फुली मीच मारली होती. आमच्या कामात फुलीचा अर्थ एवढाच, की हे बांधकाम नकाशात दाखवायचं आणि त्याचं काय करायचं ते नंतर ठरवायचं. गावात मात्र लाल फुलीचा एकच अर्थ असतो. उद्या जेसीबी येणार.

“वहिनी, अजून काही पाडायचं नाही. नुसती खूण आहे.”

“अजून म्हणालासा न्हवं? म्हंजे पाडायची हाय.”

बरोबर शब्दात पकडलं त्यांनी मला. मी हातातला ब्रश डब्यात ठेवला.

मी कॉन्झर्व्हेशन आर्किटेक्ट आहे. ऑफिस कोल्हापुरात. नवी घरं बांधणाऱ्या आर्किटेक्टला लोक वास्तुशांतीला बोलावतात, पेढे देतात. माझं काम उलटं. जुनं जे उभं आहे ते पडू द्यायचं नाही. न पडलेल्या घराचे पेढे कुणी वाटत नाही, त्यामुळं माझी साखर ताब्यात आहे.

हे गाव शिरोळच्या बाजूचं, कृष्णाकाठचं. नाव लिहीत नाही. तिथली माणसं मला अजून जेवायला बोलावतात आणि मला जायचं असतं. गावात नदीच्या घाटापासून वेशीपर्यंत एक जुनी पेठ होती. पूल नव्हता तेव्हा गूळ, तंबाखू, कापूस सगळं नावेतून यायचं-जायचं, आणि त्या मालावर ही पेठ उभी राहिली. दोन्ही बाजूंना एकाला एक चिकटलेली घरं. पुढून अरुंद, आत लांबच लांब. खाली दुकान, वर माडी. दगडाचं जोतं, म्हणजे घर ज्यावर बसतं तो चौथरा, आणि त्यावर पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती. छपराला खालून तोलून धरणारे, पोपट कोरलेले लाकडी हात. मी पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा गाडी वेशीबाहेर लावून चालत आत शिरले आणि अर्ध्या वाटेवर उगाचच थांबले. अशी अख्खी पेठ आपल्या जिल्ह्यात आता कुठं बघायला मिळते?

नगरपालिकेनं ती ‘हेरिटेज पेठ’ म्हणून नीट करायची ठरवली होती. निधी आला होता. काम माझ्याकडं आलं. मी खूश होते.

अशा कामाची सुरुवात आम्ही लेव्हल घेऊन करतो. तिकाटण्यावर दुर्बिणीसारखं यंत्र लावायचं, समोर एकानं आकडे रंगवलेली उंच पट्टी धरायची. रस्ता कुठं उंच, कुठं सखल, घराचं जोतं रस्त्यापासून किती वर, हे सगळं त्यातून कळतं. इथं एक गोष्ट लगेच खटकली. घरं एवढी रुबाबदार, आणि जोती मात्र बुटकी. रस्त्यावरून एक पायरी चढली की थेट घरात. नदीकाठचा माणूस असं घर बांधत नाही.

म्हणून ट्रायल पिट घेतला. ट्रायल पिट म्हणजे खाली काय आहे ते बघायला खणलेला लहानसा खड्डा. जागा निवडली सुशीलावहिनींच्या पिठाच्या गिरणीसमोरची, कारण तिथं सावली होती आणि चहा मिळायचा.

वर काँक्रीट निघालं. त्याखाली डांबर. त्याखाली पुन्हा डांबर, मग मुरूम, मग खडी. दर काही वर्षांनी कुणीतरी रस्ता ‘नवा’ केला होता, आणि जुना न खरवडता त्याच्यावरच केला होता. सगळ्याच्या तळाशी काळ्या दगडाची फरसबंदी लागली, घाटाकडं उतरत गेलेली. आणि वहिनींच्या दाराच्या पुरलेल्या पायऱ्या. एका पायरीवर रेघा कोरलेल्या होत्या. पाण्यानं धुतल्यावर दिसलं, वाघ-बकरीचा पट होता. कधीकाळी कुणी दुकानदार गिऱ्हाईक नसताना त्या पायरीवर खेळत बसत असणार.

वहिनी चक्क खड्ड्यात उतरल्या. चार खडे शोधले, पटावर मांडले.

“म्या माहेरी लई खेळल्यालो हाय ह्ये. आमच्या दारात हुतं आणि आमाला पत्त्या न्हाय!”

सगळी पेठ जमली. कुणीतरी भडंग आणलं. त्या दुपारी मला वाटलं, हे काम होणार.

खड्ड्यानं मला पेठेचं गणित सांगितलं होतं. रस्ता मुद्दाम खाली होता. पाऊस पडला की सगळ्या छपरांचं पाणी रस्त्यावर यायचं आणि फरसबंदीवरून धावत नदीला जायचं. घरं पायऱ्या चढून वर, कोरडी. मातीच्या भिंतीला हेच लागतं. ती कोरडी राहिली तर पिढ्यान् पिढ्या उभी राहते. बुडाशी ओल धरली की मात्र तिला काही उपाय नसतो. रस्ता थर चढत चढत वर आला होता आणि भिंतीच्या बुडाशी पोचायला आता थोडंच अंतर उरलं होतं. माझा उपाय सरळ होता. सगळे थर काढायचे, रस्ता मूळच्या फरशीपर्यंत खाली न्यायचा.

मी हे वहिनींना सांगितलं. त्यांनी गिरणीचा पट्टा उतरवला. एकदम शांतता झाली.

“खाली न्यायचा? न्हाय म्याडम. वर घ्या. रस्ता वर घ्या.”

“अहो, वर घेतला तर पाणी तुमच्या भिंतीत जाईल.”

“महापुरात तुमी हुतासा का हितं?”

मी नव्हते.

“पाणी आमच्या जोत्याला लागून थांबलं. घर कोरडं ठाक. पर वेशीपाशी सखल हाय न्हवं, तितं गळ्याएवढं पाणी. रस्ता तिकडनं जातोय. मामंजी दम्याचं. औषध संपलं. कोण आत यीना, आमी भायेर जाईना. नाव आली तवा लई येळ झाल्ता. घर न्हाय बुडलं आमचं. रस्ता बुडला. त्या रस्त्यानं घालवलं त्यास्नी.”

त्या पुन्हा पट्टा चढवायला लागल्या.

मी कोल्हापूरला परत आले ती वहिनींचं बोलणं डोक्यात घेऊन. पूर काही आजचा नाही. ज्यांनी पाण्यासाठी रस्ता एवढा विचार करून उतरता ठेवला, ती माणसं पुरात बाहेर कशी पडत होती?

पुढच्या खेपेला मी घरांच्या मागं गेले. मागं एक बोळ होती. होती म्हणायची, कारण आता तिथून मांजरसुद्धा तिरकं होऊन जायचं. प्रत्येक घरानं मागच्या दारासमोर काही ना काही बांधलं होतं. न्हाणीघर, संडास, गोठा, मोटरसायकलचं शेड, सरपणाची खोली. कसंबसं त्यातून यंत्र लावलं. आकडे आले आणि मी दोनदा तपासले. बोळ पुढच्या रस्त्यापेक्षा पुरुषभर उंच होती. कुठंही सखल नाही, वेशीकडं जाणंच नाही. सरळ चढत चढत शाळेच्या माळावर निघत होती. आणि प्रत्येक घराच्या मागच्या दाराला एक रुंद, सपाट दगड होता. आजारी माणसाला दोघांनी उचलून बाहेर काढावं एवढा रुंद.

“या बोळीला काय म्हणतात?” मी विचारलं.

“पूरबोळ.”

“का?”

“बारा म्हैनं गटार तुंबतंय की हितं. पूरच असतोय.” वहिनी हसल्या, शेजारच्या बायकाही हसल्या.

मी नाही हसले. गटारं येऊन अशी किती वर्षं झाली? नाव त्याच्या कितीतरी आधीचं. पूर आला की ज्या बोळीतून निघायचं, ती पूरबोळ. पुढची वाट पाण्याची, मागची माणसांची. बांधणाऱ्यांनी नावातच सांगून ठेवलं होतं, आणि आम्ही सगळे त्या नावाला हसत होतो.

त्याच दिवशी मी रंगाचा डबा मागवला आणि बोळीतल्या बांधकामांवर फुल्या मारायला लागले. पहिली फुली वहिनींच्या न्हाणीघरावर पडली.

आता परत त्या दारात जाऊ. वहिनी म्हणाल्या फुली पुसा. मी त्यांना समजावलं. बोळ मोकळी झाली तर पुन्हा कुणाचे मामंजी अडकणार नाहीत. रस्ता खाली जाईल, घर टिकेल, दोन्ही कामं होतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“आणि न्हाणी?”

“आत घेऊ. माजघराच्या कोपऱ्यात काढून देते.”

“पिठाशेजारी मोरी? गिऱ्हाईक पाय ठेवंल का?”

“मग जिन्याखाली.”

“जिन्याखाली वाकून न्हायाचं आमी?”

उन्हात उभं राहून माझं डोकं तापलं होतं. मी बोलून गेले, “वहिनी, एका न्हाणीसाठी अख्खी पेठ घालवणार का?”

त्यांनी पदर पुन्हा घट्ट खोचला.

“तुमच्या घरात न्हाणी हाय न्हवं? मग तुमी बोलू शकतासा. मी लगीन हून आलो तवा हितं आडोसा नव्हता. फाटंचं अंधारात उठून आंग धुवायचं, कुणी बगतंय का म्हणून भ्यायचं. गिरणी चालीवली, दळणं दळली, मग ही न्हाणी झाली. आत कडी हाय तिला. आतली कडी.”

कोल्हापूरकडच्या बायका ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात, तशाच त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडी तो ‘आलो’ फार ठाम वाटला. मी रॉकेलचा बोळा घेऊन फुली पुसली. रंग नीट गेला नाही. तांबूस डाग राहिला.

पेठेची बैठक देवळात झाली. नगराध्यक्ष आले, मी मोठे कागद भिंतीला चिकटवले. ज्या माणसांनी खड्ड्याभोवती भडंग खाल्लं होतं, ती सगळी हाताची घडी घालून बसली होती. मी पूरबोळीचं सांगितलं. एकजण उठला.

“म्हंजे माझा गोठा जाणार.”

“त्याला दुसरी जागा देता येईल.”

“आणि रस्ता वर घ्याला कुणाचं काय जातंय?”

“कुणाचंच न्हाय,” मागून आवाज आला.

तिथंच सगळं संपलं होतं खरं तर. बोळ मोकळी करायची तर प्रत्येकाला स्वतःचं काहीतरी पाडावं लागणार होतं. रस्ता वर घ्यायचा तर कुणालाच काही पाडायचं नव्हतं, आणि बरंचसं भय त्यानं जाणार होतं. मी त्या जागी असते तर कशाला हात वर केला असता? हा प्रश्न मी स्वतःला विचारत असते. दरवेळी उत्तर सोयीचं येत नाही.

बैठक संपल्यावर नगराध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. वाईट माणूस नव्हता. चार ठिकाणी फोन करून त्यानंच हे काम गावात आणलं होतं.

“म्याडम, तुमचं बरोबर हाय. मला पटलंय. पर मला ह्या गल्लीत ऱ्हायचं हाय, तुमाला न्हाय.”

“भिंती पडतील हो.”

“आता न्हाय पडत. पडल्या तर बगू की.”

“आणि ती फरशी? त्या पायऱ्या?”

“त्या कुठं पळून जात्यात? खाली सुरक्षित हायत.”

मी काम सोडलं नाही. सोडलं असतं तर मान ताठ राहिली असती, बाकी काही झालं नसतं. निदान एवढं तरी पदरात पाडून घेतलं, की नव्या काँक्रीटची कड भिंतीला भिडवायची नाही. मध्ये वीतभर मोकळी चर ठेवायची, तिच्यातून पाणी निघून जाईल आणि भिंतीला वारा लागेल. कॉन्ट्रॅक्टरनं कुरकुर करत का होईना, चर ठेवली. मी प्रत्येक घरासमोर वाकून बघितली.

ट्रायल पिट बुजवायच्या दिवशी वहिनी आल्या होत्या. पटावरचे खडे त्यांनी उचलून घेतले. मग मुरमाची पाटी पडली.

रस्ता गुडघाभर वर आला. वेशीजवळचा सखल भाग भरून निघाला. वर लालसर ठसे उमटवलेलं काँक्रीट, दोन्ही बाजूंना जुन्या धाटणीचे दिवे, वेशीपाशी ‘हेरिटेज पेठ’ असा बोर्ड. उद्घाटनाचा नारळ फुटला. फोटोत मीही आहे, हसण्याचा प्रयत्न करताना.

चर उन्हाळाभरसुद्धा टिकली नाही. तिच्यात मोटरसायकलचं चाक अडकायचं, उंदीर फिरायचे, पोरांचे चेंडू जायचे. एकेकानं आपापल्या दारापुढची सिमेंटनं बुजवली. वहिनींना दळणाची पोती ढकलगाडीवरून आत घ्यायची असत. आता रस्ता वर आणि गिरणी खाली. त्यांनी रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंत छान गुळगुळीत उतार करून घेतला. पाण्यालाही तो सोयीचा होता.

खोटं सांगणार नाही. त्या पावसाळ्यात नदी पात्राबाहेर आली तेव्हा ट्रॅक्टर थेट पेठेत दारापर्यंत गेला. म्हातारीकोतारी, पोरं सगळी सुखरूप बाहेर पडली. वहिनींनी स्वतः मला फोन केला.

“बगितलासा? रस्त्यानं सोडवलं औंदा.”

मला खरोखर बरं वाटलं. चुकले असेन मी, असंही वाटलं. वाटलं म्हणण्यापेक्षा, तसं असावं अशी इच्छा झाली.

पूर ओसरला, पण पाऊस राहिला. साधा पाऊस. त्याची बातमी होत नाही. छपरांचं पाणी रस्त्यावर, रस्त्याचं पाणी उतारावरून घरात. दगडाचं जोतं आता रस्त्याखाली गेलं होतं आणि मातीची भिंत थेट ओल्या काँक्रीटला टेकली होती. बाहेरून काही दिसत नव्हतं. मी जाऊन हात लावला तर भिंतीचं बूड थंडगार होतं, भिजलेल्या भाकरीसारखं मऊ. मी वहिनींना म्हटलं, पुढची खोली सोडा, गिरणी बंद ठेवा. त्यांनी माझं ऐकलं. तेवढं एकच माझं त्यांनी लगेच ऐकलं.

भिंत भर दुपारी बसली. पडली नाही, बसली. मातीची भिंत धाडकन आडवी होत नाही, दमलेल्या माणसासारखी जागच्या जागी खाली बसते. माडी तिच्यावर आली. पोपट कोरलेले हात मोडले. कुणाला खरचटलंही नाही. गिरणीचं जातं मात्र मातीखाली गेलं.

मी पोचले तेव्हा वहिनी समोरच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. मी शेजारी बसले. काय बोलायचं? मी सांगितलं होतं, हे वाक्य त्या वेळी जगातलं सगळ्यात निरुपयोगी वाक्य असतं. मी ते गिळलं. त्यांनीच तोंड उघडलं.

“वर घ्या, वर घ्या म्हणून वरडलो आमी. काय वर घ्याचं त्ये कळलं न्हाय. वरची वाट मागंच हुती.”

पुढं व्हायचं तेच झालं. शेजारच्या घराला तडा गेला. त्याच्या शेजारच्यानं तडा जायची वाटच बघितली नाही. एकेक करत सगळी उतरली आणि कॉलमवरची, उंचच उंच घरं आली. टाइल्स, स्टीलचे कठडे, आणि रस्त्यावरून चढायला ग्रॅनाइटच्या पायऱ्या. पायऱ्या पुन्हा आल्या, एवढंच. वेशीवरचा बोर्ड अजून आहे. बाहेरगावची माणसं तो वाचून आत येतात, इकडंतिकडं बघतात आणि घाटावर जाऊन सेल्फी काढतात.

गेल्या दिवाळीत वहिनींनी फराळाला बोलावलं होतं. नवं घर दाखवलं. गिरणी आता शेजारच्या गाळ्यात आहे, इलेक्ट्रिकवरची, आवाज न करणारी. मग मोठ्या कौतुकानं त्यांनी आतलं एक दार उघडलं. बाथरूम. पांढऱ्या फरशा, गिझर, खिडकी. दाराला आतून भक्कम कडी.

“आणि मागची न्हाणी?” मी विचारलं.

त्या मला मागच्या दारानं घेऊन गेल्या. पूरबोळीत ती तशीच उभी होती. आत बांधकामाची उरलेली सिमेंटची पोती, फुटक्या टाइल्स. भिंतीवर तांबूस डाग अजून होता. पुढं बघितलं तर बोळीतल्या सगळ्यांचंच तसं झालेलं. नव्या घरांत सगळं आत आलं होतं, बाहेरचं नुसतं पडून होतं.

वहिनींनी त्या डागावरून बोट फिरवलं.

“आता पाडा म्हणालासा तर आजच्या आज पाडतो म्याडम.” मग वळून त्या उंच, टाइल्सच्या घराकडं बघून म्हणाल्या, “पर आता कशापायी?”

आम्ही आत जाऊन चकल्या खाल्ल्या. निघताना त्यांनी लाडवांचा डबा दिला, आणि त्याच्यासोबत रुमालात बांधलेले चार खडे.

तेव्हापासून कुठल्याही जुन्या पेठेचं काम आलं की मी पुढचा रस्ता नंतर बघते. आधी घरांच्या मागं जाते, तिथं कुणी काय बांधलंय ते बघते, आणि मागं जी बाई भेटेल तिला विचारते, आत न्हाणी आहे का? नसेल तर माझं पहिलं ड्रॉइंग न्हाणीचं असतं.